वाचक विचारतात: गळ्यातला टॅग आणि हरवलेला पंप

मागच्या अंकात हॉस्पिटलातल्या मशिनींच्या देखभालीवर लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की आता सिरिंज पंपालाही (सिरिंजमधलं औषध पेशंटला हळूहळू सोडणारं मशीन) टॅग लावतात आणि सिस्टरलाही, कोण कुठं आहे ते वायरलेसवर कळतंय. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, मशिनींवरच्या दोन पानांवर एकही नाही बघा. मी बरीच वर्षं बायोमेडिकलमध्ये काढलीत, मशीन उघडून बघायची सवय, त्यामुळं उत्तरंही तशीच येतील. सहा पत्रं घेतोय. माणसांची आणि हॉस्पिटलांची नावं काढून टाकलीत, उगाच ओळखायला जाऊ नका.

प्रश्न: सर, मी बेळगावात एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. दोन महिने झाले, आयडी कार्डाच्या मागं एक पांढरा चपटा टॅग दिलाय, ड्युटीवर गळ्यात पाहिजेच म्हणतात. इन्फेक्शन कंट्रोलसाठी आहे, कोण कुठल्या पेशंटजवळ किती वेळ होतं ते कळायला, असं सांगितलं. पण परवा इनचार्जनी आमच्यातल्या एकीला विचारलं की पॅन्ट्रीत २२ मिनिटं काय करायलीस म्हणून. तेव्हापासनं सगळ्या बिचकून आहोत. वॉशरूमला गेलं तरी दिसतं काय? बोलणं ऐकू जातं काय? आणि घरी गेल्यावर? (एक सिस्टर, टिळकवाडी)

उत्तर: सिस्टर, बोलणं ऐकू जात नाही, ते आधी डोक्यातनं काढा. तुम्ही वर्णन केलाय तसल्या टॅगात माईक नसतो. आत एक बटण सेल, एक चिप आणि नखाएवढा अँटेना. त्याचं काम एकच, दर थोड्या वेळानं आपला नंबर ओरडायचा. जत्रेत हरवलेलं पोर कसं कुणीही विचारलं तरी एकच नाव सांगत राहतं, तसं. भिंतीला आणि छताला जे छोटे डबे बसवले असतील ते हे ओरडणं ऐकतात, आणि कुठल्या डब्याला किती जोरात ऐकू आलं त्यावरनं कॉम्प्युटर अंदाज बांधतो. ऐकणारे डबे हॉस्पिटलातच आहेत, त्यामुळं गोगटे सर्कलला पोचलात की टॅग ओरडला तरी ऐकायला कोण नाही. फोनमध्ये एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याला लोकेशनची परवानगी दिलीय काय ते आजच सेटिंगमध्ये बघा.

वॉशरूमचं खरं सांगायचं तर दिसू शकतं. आत डबा नसला तरी पॅसेजमधला डबा ऐकतो की.

आता ते २२ मिनिटांचं. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. असले टॅग बहुतेक ब्लूटूथवर ओरडतात, ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची असते आणि ती पाण्यात मुरते, आणि आपण माणसं निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणजे टॅग छातीवर आहे आणि तुम्ही डब्याकडं पाठ केली की आवाज लगेच बारीक होतो, कॉम्प्युटरला वाटतं बाई लांब गेली. मी स्वतः एकदा असली सिस्टीम बसवताना एका खुर्चीत दहा मिनिटं गप्प बसून स्क्रीन बघितलाय, स्क्रीनवर मी तीन खोल्यांतनं येरझाऱ्या घालत होतो. पॅन्ट्री आणि स्टोअरमध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन असेल तर ती सिस्टर स्टोअरमध्ये गॉज मोजत बसली होती की पॅन्ट्रीत चहा पीत होती हे असला टॅग छातीठोकपणे सांगूच शकत नाही. इनचार्जना हे नम्रपणे, पण लेखी कळवा.

मॅनेजमेंट म्हणतंय ते कारण खोटं नाही हेही सांगतो. फ्रान्समध्ये लिऑन शहरातल्या एका हॉस्पिटलात, म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात, डिसेंबर २०१० मध्ये ४६ कर्मचारी आणि २९ पेशंट यांच्या छातीवर असे बिल्ले लावले होते, चार दिवस नि चार रात्री. तिथं त्यांनी ते पाण्याचं दुखणंच कामाला लावलं. अंग लहर अडवतं, म्हणजे दोन माणसं समोरासमोर दीडेक मीटरच्या आत असली तरच बिल्ले एकमेकांना ऐकणार, पाठीला पाठ लावून उभे असले तर नाही. १४,०३७ गाठीभेटी नोंदल्या गेल्या. त्यातनं निघालं काय, तर पेशंटशी झालेल्या एकूण गाठीभेटींपैकी ४२ टक्के फक्त ६ कर्मचाऱ्यांच्या होत्या. वॉर्डात साथ शिरली तर ती पसरवायला ही सहा माणसं पुरेशी.

पण ही सहा माणसं कोण असणार, तुम्हीच सांगा. जास्त काम करणारी. बेल वाजली की उठणारी. तीच यादी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरच्या हातात गेली तर तिला कळतं की फ्लूची लस आधी कुणाला, एन-९५ आधी कुणाला, आणि नुसत्या इनचार्जच्या हातात गेली तर त्याला दिसतं की ही फार फिरते आणि ती पॅन्ट्रीत बसते. म्हणून मला विचाराल तर टॅगपेक्षा रिपोर्ट कुणाच्या टेबलावर उघडतो हे आधी बघायचं.

एका कामासाठी घेतलेला डेटा दुसऱ्या कामाला जातो हे काय नवीन नाही. सिंगापूरनं २०२० मध्ये कोरोनाचे संपर्क शोधायला फोनचं ॲप आणि जवळ बाळगायचं टोकन काढलं, फक्त ह्याच कामाला वापरणार म्हणून लोकांना शब्द दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये संसदेत सांगायची पाळी आली की पोलीस गुन्ह्याच्या तपासासाठी तो डेटा मागू शकतात. मग घाईघाईनं कायदा करून ठराविक गंभीर गुन्ह्यांपुरतं ते बांधून घेतलं. आपल्याकडं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, आणि तो खटला टाकणारे आपल्या कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश, हे आपल्या भागात फार कमी लोकांना माहीत असतंय. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदाही झाला. फक्त त्यात नोकरीच्या कामापुरता डेटा वापरायला मालकाला थोडी सूट आहे, दरवेळी तुमची संमती घ्यावीच लागेल असं नाही, तेव्हा कायदा आहे म्हणून नुसतं निवांत बसू नका. सगळ्या सिस्टरांनी मिळून एक अर्ज द्या. नोंद किती दिवस ठेवणार, कोण कोण उघडून बघणार, ड्युटी आणि पगार ठरवायला वापरणार काय, आणि ब्रेकच्या वेळेत टॅग काढून ठेवला तर चालेल काय. उत्तर कागदावर मागा. आणि ते मराठीतही मागा, तुमच्या इथल्या मावशींना तो कन्नड-इंग्रजी फॉर्म कुणी वाचून दाखवला असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न: आमचं निपाणीत ३० बेडचं नर्सिंग होम आहे. व्हीलचेअर, सिरिंज पंप, ईसीजी मशीन, काही म्हणजे काही वेळेला सापडत नाही. बेंगळूरच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला, सगळ्याला टॅग लावतो, मोबाईलवर दिसेल म्हणाला. कोटेशन बघून घाम फुटला. घ्यावं काय? आणि आरएफआयडी, ब्लूटूथ, अजून काय काय म्हणाला, त्यातलं कुठलं? (एक मॅनेजर, निपाणी)

उत्तर: तुम्ही कोगनोळी टोलवरनं रोज जाताय, तिथनंच सुरू करूया. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग म्हणजे आरएफआयडी. त्यात सेल नाही. टोलवरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लहर सोडतो, त्या लहरीवरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. स्वस्त आणि न मरणारा टॅग. पण टोलला एवढंच कळतंय की गाडी इथनं गेली. पुढं तुम्ही कागलला उतरलात की कोल्हापुरात मिसळ खायलाय, त्याला पत्ता नाही. हॉस्पिटलात तेच. वॉर्डाच्या दारावर रीडर बसवला तर व्हीलचेअर ह्या दारातनं शेवटची बाहेर पडली एवढं कळणार, आता कुठं आहे ते नाही. आणि फास्टॅग काचेवर का चिकटवतात, बॉनेटवर का नाही? पत्र्यावर लहर उलटते म्हणून. तुमच्या ऑक्सिजन सिलिंडरला साधा स्टिकर लावलात तर तीच गत, लोखंडासाठी मुद्दाम बनवलेला जाड टॅग लागतो.

ब्लूटूथचं वर सिस्टरांना सांगितलंय. त्यात अजून एक गंमत आहे, मजला. एका हॉस्पिटलात ईसीजी मशीन दुसऱ्या मजल्यावर २०४ मध्ये दाखवायलंय म्हणून वॉर्डबॉय तीनदा जिने चढला, कॉट उचलून बघितल्या, आणि मशीन बरोब्बर त्याच्या खाली पहिल्या मजल्यावर १०४ मध्ये. स्लॅबमधनं लहर सरळ वर जात होती आणि बाजूच्या भिंतीत अडत होती. तुमची बिल्डिंग जुन्या वाड्याची असेल, दीड-दोन फुटी जांभ्याच्या भिंती असतील, तर हे हमखास होणार. एक्स-रे रूमला शिशाचा पत्रा असतोय, तिथं गेलेली वस्तू तर स्क्रीनवरनं गायबच.

इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटचा प्रकार. भिंतीपलीकडं जातच नाही, म्हणून खोली पक्की सांगतं, पण टॅगवर चादर पडली की आंधळं. आणि ते शेवटचं, जे नाव त्यानं तुम्हाला सगळ्यात घाईत सांगितलं असेल, अल्ट्रा वाइडबँड, ते लहर यायला किती वेळ लागला ते मोजतं. लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, तेवढं बारीक मोजता आलं तर मशीन कुठल्या बेडच्या कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. पण डबे जास्त, वायरिंग जास्त, पैसे तर विचारूच नका.

आता घ्यावं काय. माझं ऐकाल तर ३० बेडला नको.

का ते सांगतो, जरा लांबण लागेल. फार वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात रात्री अडीचला आयसीयूतनं फोन, सिरिंज पंप पाहिजे, एकही नाही. रजिस्टरला १४ पंप. टॉर्च घेऊन मी निघालो. चार पंप मेडिकल वॉर्डात कॉटखाली, चारही बंद, कारण कुणी चार्जिंगला लावलेच नव्हते. एक ॲम्ब्युलन्समध्ये. दोन तर लिनन कपाटात, धुतलेल्या ड्रॉशीटांच्या मागं, नीट टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेले, घरात बाई सोनं ठेवते तसे. नाईटच्या सिस्टरला विचारलं तर म्हणाली, सर, परत पाठवला की आम्हाला पुन्हा मिळत नाही, म्हणून ठेवते. तिचं काय चुकलं सांगा. पंप हरवलाच नव्हता, लपवला होता, आणि लपवायला कारण होतं.

तिथं टॅग असता तर दोन मिनिटांत सापडला असता, कबूल. पण पुढच्या महिन्यात काय झालं असतं तेही मी दुसरीकडं बघितलंय, टॅग नखानं काढून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आणि पंप भलतीकडंच. आणि सापडलेला पंप चार्ज नसेल तर तो सापडून तरी काय उपयोग.

टॅगचं स्वतःचंही एक ओझं असतंय ते सेल्समन सांगत नाही. ३०० टॅग घेतले आणि एकेकाचा सेल वर्षभर टिकला, तर जवळपास रोज एक सेल बदलायचा आला. कोण बदलणार? तुमच्याकडं बायोमेडिकलचा माणूस महिन्यातनं एकदा येतो. शिवाय टॅगच्या खाचेत घाण बसते, मशीन पुसलं तरी टॅग कुणी पुसत नाही.

त्याऐवजी असं करा. प्रत्येक मशीनवर लांबनं दिसेल एवढा मोठा नंबर रंगवून घ्या. प्रत्येक मजल्यावर एक जागा ठरवा, जमिनीवर पिवळी पट्टी मारून, वर प्लगचा बोर्ड, वापरून झालं की तिथंच आणि चार्जिंगलाच. ड्युटी बदलताना पेशंट हँडओव्हर करता तसे पंपही मोजून द्यायचे. आणि दोन पंप जास्तीचे घ्या, कोटेशनपेक्षा स्वस्त पडतील, मग लपवायला कारणच उरणार नाही. १५०-२०० बेडच्या वर गेलात, चार मजले, तीन बिल्डिंगी झाल्या, तर मग बोलूया.

एक काम मात्र आहे जिथं मशिनीचा माग ठेवणं लहान हॉस्पिटललाही लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलातला एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यांच्याकडं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जुलाबाचा जंतू फिरत होता. त्यांनी टॅगबिग काय लावले नाहीत, कॉम्प्युटरात पेशंट किती वाजता कुठं होता याच्या ज्या नोंदी पडूनच होत्या त्या जुळवल्या, आणि बोट गेलं कॅज्युअल्टीतल्या सीटी स्कॅनवर. बाधित पेशंटनंतर त्याच मशीनवर गेलेल्यांना धोका जास्त होता. दोन पेशंट एकमेकांना भेटलेच नाहीत, मधे मशीन होतं. तुमच्याकडं नेब्युलायझर, बीपीचा पट्टा, ईसीजीचे कप ह्यांचं तेच. कुठला पंप कुठल्या पेशंटला होता एवढं केस पेपरवर लिहायला लावा, नंबर रंगवलेला असलाच तर दोन सेकंदांचं काम.

प्रश्न: वडिलांना दम्यासाठी ॲडमिट केलतं, पाच दिवस. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला टीबी निघाला असं डिस्चार्जनंतर दुसऱ्या पेशंटच्या अटेंडरकडनं कळलं, हॉस्पिटलातनं कुणी फोन केला नाही. तुम्ही लिहिलेल्या टॅगनं आम्हाला आधी कळलं असतं काय? आता काय करू? (एक शेतकरी, खानापूर)

उत्तर: दादा, आधी आता काय करायचं ते. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि शेजारच्या कॉटवर टीबीचा पेशंट होता हे स्पष्ट सांगा. टीबीची सरकारी तपासणी नि औषधं फुकट असतात. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, ह्यातलं काही असलं तर थुंकीची तपासणी लगेच. काही नसलं तरी एकदा दाखवून या. शरीरात जंतू शिरला काय ते बघायची टेस्टही साधारण २ ते ८ आठवड्यांनीच खात्रीनं सांगते, तेव्हा आज टेस्ट बरी आली म्हणून विसरून जाऊ नका. वडिलांना दमा आहे, म्हणजे खोकला हा तर दम्याचाच असं म्हणून घरी दिवस काढू नका, तीच चूक होते. शेजारी होते म्हणजे झालाच असंही नाही, काळजीनं जेवण सोडू नका म्हणावं.

टॅगनं कळलं असतं काय? खरं तर टॅग लागलाच नसता हो. कॉट नंबर रजिस्टरला होता, दोन्ही पेशंटांच्या तारखा होत्या, तुमचा फोन नंबर केस पेपरवर होता. रजिस्टर उघडून पाच फोन करायचे होते, ते कुणी केले नाहीत. टॅग असता तर तेच पाच फोन न करायला अजून एक स्क्रीन असता. राग येतो असलं वाचून.

टॅग कुठं कामाला येतो, तर जिथं रजिस्टर पुरत नाही तिथं. कॅज्युअल्टीत तासभर बाकावर बसलेली माणसं, एक्स-रेच्या रांगेत उभी असलेली, चार वॉर्ड फिरणारा फिजिओथेरपिस्ट, ह्यांची नोंद कुठंच नसते. पण त्यातही फरक आहे. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आरोग्य सेतू होतं, २ एप्रिल २०२० ला आलं, ते ब्लूटूथवर बघायचं की कुठला फोन कुठल्या फोनजवळ होता. एकाच वेळी जवळ असलेली माणसं त्याला सापडतात. गोवराचा विषाणू मात्र पेशंट निघून गेला तरी हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. सकाळी दहाला गोवराचं पोर ओपीडीतनं बाहेर पडलं आणि अकराला तुमचं पोर त्याच खोलीत येऊन बसलं, तर फोनला फोन भेटलाच नाही, ॲप म्हणणार काही संपर्क नाही. तिथं खोलीची नोंद पाहिजे, कोण कधी आत आलं नि कधी गेलं. टीबीचंही हवेतनंच, आणि किती मीटर लांब ह्याच्यापेक्षा किती तास एका खोलीत आणि खिडक्या उघड्या होत्या काय हे जास्त महत्त्वाचं. खिडकी उघडी होती काय ते कुठलाच टॅग सांगत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या वॉर्डांच्या खिडक्या कशा असतात ते तुम्ही बघितलंच असेल, झडीचं पाणी येतं म्हणून गच्च बंद.

प्रश्न: आजीला पेसमेकर आहे. हॉस्पिटलातले हे टॅग आणि मशिनी तिला धोक्याचे काय? (शहापूर)

उत्तर: टॅग आणि रीडर ह्यात फरक करा. ब्लूटूथ टॅगची ताकद साधारण एक मिलिवॅट, मोबाईलच्या मानानं काहीच नाही. तरी फोन पेसमेकरपासनं १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात तोच नियम टॅगलाही लावा, हाताला बांधा, छातीवर नको. रीडर मात्र ताकदीचा असतो. ॲमस्टरडॅममध्ये डॉक्टरांनी पेशंट नसलेल्या आयसीयूच्या खोलीत ४१ मशिनी मांडून आरएफआयडी रीडर जवळ आणून बघितला, २००८ मध्ये छापलंय ते, १२३ चाचण्यांत ३४ वेळा गडबड झाली आणि त्यातल्या २२ धोकादायक होत्या, म्हणजे पंप थांबणं, व्हेंटिलेटर बंद पडणं वगैरे. गडबड झाली त्यातल्या साधारण निम्म्या वेळा रीडर ३० सेंटीमीटर किंवा त्याहून जवळ होता. म्हणून कुणी हातातला स्कॅनर घेऊन कॉटजवळ आलं तर आजीला पेसमेकर आहे एवढं सांगा, आणि पेसमेकरचं कार्ड सोबत असू द्या.

प्रश्न: चिकोडीहून बायकोला डिलिव्हरीसाठी मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. बाळाच्या पायाला एक पट्टा बांधला, बाळ चोरीला जाऊ नये म्हणून. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्रभर अलार्म वाजायला लागला, सासूबाईंना वाटलं खरंच कुणी बाळ नेलं, सगळा वॉर्ड जागा. पट्टा खराब होता काय? (एक नवा बाप)

उत्तर: अभिनंदन! पट्टा बहुतेक चांगला होता, बाळ बारीक झालं होतं. नवं बाळ पहिल्या काही दिवसांत आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरवतं, ते नेहमीचंच आहे, पुढं भरून येतं. पण जन्मताच घट्ट बसवलेला पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल होतो. त्यातल्या काही पट्ट्यांना कातडीचा स्पर्श कळतो, तो सुटला की त्याला वाटतं कुणी कापून काढला, आणि बोंब सुरू. रोज एकदा पट्टा तपासून परत आवळायचा असतो, आत एक बोट जाईल एवढा. ते राहून गेलं असणार.

मला भीती त्या अलार्मची नाही, चौथ्यांदा वाजल्यावर कुणी उठत नाही त्याची आहे. सिस्टरांनी आवाज बंद करून टाकला असेल तर त्यांनाही दोष देववत नाही, पण मग पट्टा नुसता दागिना झाला. आणि सासूबाईंना माझ्याकडनं सांगा, त्यांचा डोळा बाळावर होता तीच खरी सिस्टीम, तिला सेल लागत नाही.

प्रश्न: मी उद्यमबागला एका वर्कशॉपमध्ये आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. आमच्या गल्लीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात व्हीलचेअर शोधायला रोज बोंब. मी ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेऊन घरच्या घरी करू काय? की व्हीलचेअरला सरळ ॲपलचा एअरटॅग अडकवू? (वय २३)

उत्तर: एअरटॅग आजूबाजूनं जाणाऱ्या आयफोनांच्या जिवावर चालतो. तुमच्या दवाखान्यात दिवसातनं किती आयफोन येतात ते मोजा आधी. नाहीतर व्हीलचेअर सापडायला एखादा पुण्याचा पाहुणा आजारी पडायची वाट बघत बसाल.

ईएसपी३२ चं करा की, बिनधास्त. ब्लूटूथ ऐकायला तो चांगला आहे, स्वस्त आहे, बेळगावात नाही मिळाला तर ऑनलाइन येतो. पाच-सहा बोर्ड पॅसेजमध्ये मोबाईल चार्जरवर लावा, व्हीलचेअरना बीकन, म्हणजे आपला नंबर ओरडणारा ब्लूटूथ टॅग, आणि जो बोर्ड सगळ्यात जोरात ऐकेल त्याचं नाव एका पानावर दाखवा. एवढंच. व्हीलचेअर किती मीटर लांब आहे ते काढायच्या नादी लागू नका, फसाल. किती जोरात ऐकू आलं त्याच्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नका, शेवटचे दहा-पंधरा आकडे लहान-मोठे क्रमानं लावून मधला घ्या, नाहीतर कुणी मधनं चालत गेलं तरी व्हीलचेअर उड्या मारताना दिसेल. बीकन सीटखाली लोखंडी पाइपाला टेकवून बांधू नका, हँडलजवळ, पत्र्यापासनं बोटभर लांब. पेशंटच्या मशिनींना काही जोडायचं नाही, त्यांच्या प्लगमध्ये चार्जर घालायचा नाही, ट्रस्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक स्क्रूही मारायचा नाही. आणि माणसांना बीकन नको, नुसत्या व्हीलचेअर.

पहिले आठ दिवस फक्त नोंद करा, कुठल्या वेळी कुठं सापडायली ते. माझा अंदाज आहे की निम्म्या वेळेला त्या गेटच्या बाहेर रिक्षा स्टँडवर असणार, पेशंटला रिक्षात बसवून ॲटेंडर तिथंच सोडून जातात. तसं निघालं तर एक बोर्ड गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये लावा आणि काय दिसलं ते मला कळवा, पुढच्या अंकात छापतो.